पेटीच्या दारावरचं शेण

कुणीतरी कुंदा पार्टेच्या मधाच्या पेटीला शेण फासलं होतं.

पेटीचं दार म्हणजे बोटभर फट, माश्यांच्या जाण्यायेण्याची. त्या फटीभोवती हिरवट-काळे ठिपके होते, काही मोहरीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे. कुंदाने नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. शेणच ते, आणि तेही म्हशीचं.

दुसऱ्या कुणाची पेटी असती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ही कुंदा. आंबेदऱ्यात सून म्हणून आली त्याच वर्षी गुड मॉर्निंग पथकात भरती झालेली. सकाळी उजाडायला शिट्टी घेऊन गोदरीच्या, म्हणजे गावाच्या हागणदारीच्या, वाटेवर उभी राहायची आणि टमरेल घेऊन निघालेल्या भल्याभल्यांना माघारी पिटाळायची. खुद्द सासऱ्यांवर शिट्टी वाजवली होती तिने, तीही लग्नाच्या पहिल्याच महिन्यात! त्याला आता तीस वर्षं होत आली. गोदरी बंद झाली, तिथं गावाने झाडं लावली, तारेचं कुंपण घातलं आणि 'आत जाणाऱ्यास दंड होईल' अशी पाटी ठोकली. जावळीच्या डोंगरातलं आंबेदरा स्वच्छ मधग्राम झालं, आणि त्या नावाच्या सरकारी स्पर्धेतला पहिला नंबर कुंदाने दुसऱ्या गावाच्या दाराला कधी शिवू दिला नाही. माश्यांच्या पेट्यासुद्धा रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या, हा नियमही तिचाच. ती गावच्या स्वच्छता समितीची अध्यक्ष, म्हणून गाव तिला तोंडावर अध्यक्षबाई म्हणे आणि पाठीमागे फडकंवाली.

तिने फडकं भिजवलं आणि ठिपके खसाखसा पुसून काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके, आणि शेजारच्या पेटीलाही.

"धोंडीबाचंच काम हे," ती नवऱ्याला म्हणाली. जगन्नाथ चहा पीत होता. बायको तापली की कपात बघत बसायचं, ही त्याची संसारातली एकुलती एक युक्ती होती.

धोंडीबा झोरेवर संशय घ्यायला कारणही होतं. त्याचा म्हशींचा गोठा कुंदानेच ठराव करून गावाबाहेर हलवायला लावला होता. त्या गोष्टीला किती पावसाळे गेले, पण म्हातारा ती विसरला असेल असं कुंदाला वाटत नव्हतं. कारण ती स्वतः विसरली नसती.

"धोंडीबा, बाहेर या आधी!"

"आलो की. अध्यक्षबाई माझ्या दारात? दंड कराय का दूध न्ह्याय?"

"माझ्या पेट्यांना शेण फासता? लाज नाही वाटत या वयात?"

धोंडीबाने तिच्याकडे बघितलं, मग म्हशींकडे बघितलं, आणि तो हसत सुटला. "अगं बाई, लोकं शेन इकत न्ह्याय येत्यात माझ्याकडं. फुकट वाटत फिराय मला काय येड लागलंय? आन म्हशींचं म्हनशील तर त्या खाली टाकत्यात. पेटीच्या दाराला नेमकं ठिपकं काढाय त्या काय रांगोळीच्या क्लासला गेल्यात?"

कुंदा पदर झटकून माघारी वळली.

"थांबा जरा," धोंडीबा मागून म्हणाला. "गेलं चार दिस तुमच्या माश्या माझ्या उकिरड्यावर बसत्यात. एवढी कारवी फुललीया डोंगरभर, ती सोडून. माझ्या तर ध्यानातच येईना."

त्या वर्षी कारवी फुलली होती हे खरंच. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा सगळा डोंगर जांभळा होतो. मधल्या वर्षांत जांभूळ, हिरडा, गेळा यांच्यावर पेट्या जगतात, पण मधपाळाचं घर उभं राहतं ते कारवीच्या मधावर. गावात लग्नं कारवीच्या हिशेबाने ठरत.

कुंदा घरी आली, पेटीसमोर स्टूल टाकलं आणि पदर खोचून चोराची वाट बघत बसली. चोर आला तो उडत.

पेटीतलीच एक सातेरी मधमाशी दारावर उतरली. तिच्या पायांना पराग नव्हता. तोंडात काहीतरी काळपट धरलं होतं. तिने ते दाराच्या कडेला लावलं, डोक्याने दाबलं, तोंडाने सारखं केलं आणि ती पुन्हा उडाली. मग दुसरी आली, मग तिसरी. घरातली बाई उंबरा सारवते तशा त्या दार सारवत होत्या.

"अगं बया!" कुंदा एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दारावरच्या सगळ्या माश्या एकदम थरथरल्या आणि आतून सापाने फुत्कार टाकावा तसा आवाज आला. कुंदाने वर पाहिलं. पेटीसमोर हातभर अंतरावर एक गांधीलमाशी हवेत थांबली होती. आंबेदऱ्याला गांधीलमाशी नवी नव्हती, पण ही अंगठ्याएवढी होती आणि तिचं तोंड विटकरी लाल होतं. ती दाराकडे झेपावली, शेणाच्या वासाने की काय तिथंच अडखळली, एक गिरकी घेतली आणि पूर्वेकडे निघून गेली. चोराला टिपायला हातात धरलेल्या फोनने कुंदाने तिचे फोटो काढले होते. पेटीवरच्या पहारेकरी यंत्राचा दिवा मात्र हिरवाच होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

ही लालतोंडी गांधीलमाशी पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातून लाकडाच्या ओंडक्यांत बसून आली होती. किनाऱ्यावर तिने पेट्याच्या पेट्या फस्त केल्या. मग सरकारी कार्यालयाने घाटावरच्या प्रत्येक पेटीला काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. हाच तो पहारेकरी. त्याचं काम ऐकण्याचं. प्रत्येक कीटकाचे पंख आपल्या ठरलेल्या वेगाने हलतात, त्यामुळे प्रत्येकाचा आपला एक सूर असतो. सातेरीचा सूर चढा, गांधीलमाशीचा खर्जातला. खर्ज ऐकू आला की पहारेकरी लाल दिवा लावून थेट साताऱ्याच्या नियंत्रण कक्षात बोंब ठोकणार, अशी योजना होती.

आणि बोंब ठोकली त्याने! पहिल्या वर्षी गावठी गांधीलमाशीवर ठोकली, भुंग्यावर ठोकली, रस्त्याने जाणाऱ्या बुलेटवरसुद्धा ठोकली. पथकं धावून धावून दमली. शेवटी नियंत्रण कक्षाने यंत्राला शिकवलं, की एकटा खर्ज ऐकू आला तर गप्प बसायचं, चारपाच एकदम आले तरच ओरडायचं. म्हणजे चोर एकटा आला तर भुंकू नको, टोळी आल्यावर भुंक, असं कुत्र्याला शिकवल्यासारखं झालं.

हा निर्णय घेतला होता नियंत्रण कक्षाच्या प्रमुख वत्सला पार्टे यांनी. वत्सला म्हणजे जगन्नाथची धाकटी बहीण, कुंदाची नणंद. कुंदा लग्न होऊन आली तेव्हा वत्सला दोन वेण्यांतली पोर होती. बारावीनंतर तिचं लग्न लावायला निघालेल्या घराशी भांडून तिला कीटकशास्त्र शिकायला पाठवलं ते याच वहिनीने.

"वत्सू, ऐक," कुंदा फोनवर म्हणाली आणि सगळं सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वत्सला म्हणाली, "शेण लावतायत? नक्की?"

"डोळ्यांनी बघितलं मी."

"वहिनी, गावठी गांधीलमाशी आली तर सातेरी हा खटाटोप करत नाहीत. तिच्याभोवती गोळा होतात, अंग तापवतात आणि तिला भाजून मारतात. लालतोंडीपुढे ते चालत नाही. तिची एक हेर आधी येते, पेटीला आपला वास लावून जाते, आणि त्या वासावर टोळी येते. टोळी आली की संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी. दाराला शेण असलं तर तिला तिथं टिकता येत नाही. बाहेरच्या देशांत सातेरीचे जातभाई असं करतात हे मी वाचलं होतं. आपल्या माश्यांना ते ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं गं. यांच्या कुठल्या पणजीने ही गांधीलमाशी बघितली होती कुणास ठाऊक." ती थांबली. "आणि ती एकटी आली म्हणून आमचं यंत्र गप्प. तो बदल मीच केला होता."

"बरं मग, फोटो पाठवते."

"नको! पाठवू नकोस."

"का?"

वत्सलाचा आवाज खाली गेला. "नियम माहितीये ना तुला? जंगलात लालतोंडीचं घर सापडत नाही, म्हणून तिचं खाणं तोडायचं. म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या पेट्यांत विषारी धूर सोडायचा. फोटो माझ्याकडे आला की आदेश मलाच काढावा लागेल. कारवी संपेपर्यंत थांब, वहिनी. मध काढून घ्या, मग पाठव. मी तुझ्यासाठीच सांगतेय."

कुंदाने पेटीकडे बघितलं. एक माशी चिमूटभर शेण घेऊन दाराशी धापा टाकत होती.

"कारवी संपेपर्यंत ती गांधीलमाशी काय करेल?"

"तिच्या घरातून नव्या राण्या बाहेर पडतील. शेकड्याने."

"आणि जातील कुठं?"

"खाली. कोयनेकडे, वाईकडे, सगळीकडे."

"मग तिथल्या माश्या कुणाच्या गं? त्यांना काय पणज्या नाहीत?" कुंदा कडाडली. "तुला शिकायला पाठवताना मी या घरात दोन दिवस चूल पेटू दिली नव्हती. ते असलं ऐकायला नाही, वत्सू. फोटो येतोय. आदेश काढ. आणि मी माझ्या पेट्यांना हात लावू देणार नाही, हेही त्यातच लिही."

फोटो गेला. तासाभरात आदेश निघाला. पथक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होतं.

संध्याकाळी गाव मध संकलनाच्या शेडमध्ये जमलं, आणि कुंदावर असं काही तुटून पडलं की जगन्नाथला बघायला कपसुद्धा नव्हता. सात वर्षांची कारवी घालवलीस. तुला कुणी सांगितलं होतं कळवायला? खालच्या गावांचा पुळका आला काय? पोरीबाळींची लग्नं काढलीयेत आम्ही! कुंदाने सगळं ऐकून घेतलं. बोलणारे तिचेच लोक होते आणि त्यांचं पोट जळत होतं, हे तिला कळत होतं. तिच्याही पेट्या त्यातच होत्या.

"झालं बोलून?" ती उठली. "मी कळवलं आणि चांगलं केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कळवीन. पण पेट्या मरू देणार नाही. लालतोंडीचं घर सापडत नाही म्हणून पेट्या मारायच्या ना? मग आपण घर शोधू."

"आणि ते कसं?"

"माश्यांना विचारून. घर जिथं जवळ, तिथल्या पेटीवर हेर जास्त येणार, तिथं शेणही जास्त लागणार. तुमच्या दारांवर आज ठिपके होते की नाही?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून एक बाई बारीक आवाजात म्हणाली, "होते की, अध्यक्षबाई. पण रोज पुसतो ना आम्ही. तुमचाच नियम."

माश्या दिवसांमागून दिवस जीव तोडून दारावर काहीतरी सांगत होत्या आणि अख्खं गाव पहिल्या नंबरासाठी ते पुसून टाकत होतं. कुंदाने कमरेचं फडकं काढून खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "उद्या सकाळी कुणी पेटी पुसायची नाही."

फडकंवालीच्या तोंडून हे ऐकल्यावर शेडमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळंच गाव हसलं, आणि भांडण तिथंच मोडलं.

सकाळी धुकं निवळल्यावर गाव पेट्या बघत निघालं. वरच्या वाडीतल्या पेट्यांची दारं लख्ख होती. शाळेजवळ तुरळक ठिपके. ओढा ओलांडला तसे ते दाट होत गेले. पूर्वेच्या अंगाला शेवटची पेटी होती, तिचं दार तर पार सारवून काढलं होतं, एक माशी जेमतेम शिरेल एवढीच फट ठेवून. माश्यांना धोंडीबाचा उकिरडा तिथून लांब पडत होता, तरी त्यांनी एवढं शेण वाहून आणलं होतं. कुंदाने त्या पेटीला हात जोडले.

त्या पेटीच्या पुढे गाव संपत होतं. पुढे होतं तारेचं कुंपण, गंजलेली पाटी आणि तीस वर्षांत माजलेलं रान.

"गोदरी," कुणीतरी म्हणालं. स्वच्छ मधग्रामात हा शब्द कुणी उच्चारत नसे. नव्या पोरांना तर तो माहीतही नव्हता. साऱ्या शिवारात माणसाचं पाऊल न पडणारी ती एवढीच जागा, आणि तशी ती केली होती कुंदाने.

पाटीसमोर कुंदा घुटमळली. मागून धोंडीबा म्हणाला, "जावा की आत. दंड तुमीच घेनार, तुमीच भरनार!"

ती तार वाकवून आत शिरली. फार जावं लागलं नाही. एका जुन्या उंबराच्या मुळाशी, उंदराच्या बिळासारख्या भोकातून, लालतोंड्या सारख्या आत-बाहेर करत होत्या. पायाखालची जमीन बारीक गुणगुणत होती. कुंदा आल्या पावली मागे सरकली, श्वास धरून.

दुपारी पथकाची गाडी आली. पांढरे पोशाख, जाळीचे मुखवटे, धुराची नळकांडी. पुढे वत्सला, हातात आदेश, रात्रभर न झोपल्याचे डोळे. पेट्यांच्या रांगेसमोर आंबेदऱ्याच्या बायका मांडी घालून बसल्या होत्या आणि मधोमध कुंदा.

"वहिनी, बाजूला हो."

"नाही."

"आदेश आहे. मी काढलाय."

"तू काढलास म्हणून काय झालं? धूर घेऊन आलीस ना? चल, कुठं सोडायचा ते दाखवते. लालतोंडीचं घर सापडलंय."

वत्सला जागच्या जागी थिजली. "सापडलं? कुणाला?"

"यांना," कुंदाने पेट्यांकडे बोट केलं. "तुझ्या यंत्राने कान बंद केले. आम्ही फडकी मारली. तरी या सांगत राहिल्या."

कुंपणाजवळ उभं राहून वत्सलाने दुर्बिणीतून ते भोक पाहिलं. मग तिने वरिष्ठांना फोन लावला. पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू जात होतं. घरावर धूर सोडायची नियमात तरतूद नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागेल, आठवडा जाईल. तोवर पेट्यांचं काम उरकून घ्या.

वत्सलाने फोन खिशात टाकला. ती वहिनीकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुंदाने नणंदेला काय करायचं ते सांगितलं नाही.

"नळकांडी इकडे आणा," वत्सला पथकाला म्हणाली.

"किती, मॅडम?"

"सगळी. घर जमिनीत खोल असतं. राणी मेली पाहिजे."

"पण मॅडम, सगळी इथं वापरली तर पेट्यांना काही उरणार नाही."

"नाही उरणार," वत्सला म्हणाली आणि मुखवटा चढवला.

भोकात नळ्या गेल्या, तोंड चिखलाने लिंपलं, आणि जमिनीची गुणगुण चढत चढत गेली, मग हळूहळू बसली. संध्याकाळी खणून काढलेलं घर भल्यामोठ्या घागरीएवढं भरलं. आतल्या कोशांत नव्या राण्या तयार होत्या, अजून पंख न उघडलेल्या. वत्सला गुडघ्यांवर बसून एकेक कोश तपासत होती. "आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस गेले असते तर या सुटल्या असत्या, वहिनी. आणि मी तुला महिनाभर थांब म्हणाले होते." ती रडायला लागली. कुंदाने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसं.

आदेश मोडल्याबद्दल वत्सलाला घरी बसवलं आणि चौकशी लावली. ती गावी आली, सकाळ-संध्याकाळ पेट्यांसमोर स्टूल टाकून बसू लागली, आणि कुठल्या पेटीला कधी शेण लागतं यावरून लालतोंडीचं घर कसं हुडकायचं, हे फोनवरून खालच्या गावांना शिकवू लागली. कोयनेकाठी आणखी एक घर सापडलं. मग कार्यालयाने पेट्या मारायचा आदेश मागे घेतला. आमचं चुकलं, असं मात्र कुणी म्हणालं नाही. ते तसं कधी म्हणत नाहीत.

कारवीचा मध उतरला. दाट आणि काळसर. आणि त्याच आठवड्यात स्पर्धेची समिती आली.

समितीने गाव पाहिलं, गटारं पाहिली, मान डोलावली. मग ती पेट्यांपाशी आली आणि थबकली. दारांवर वाळलेले ठिपके होते. त्यावर कडी म्हणजे, पुन्हा लालतोंडी आलीच तर माश्यांना लांब जावं लागू नये म्हणून धोंडीबाकडच्या ताज्या शेणाच्या पाट्या पेट्यांशेजारीच मांडल्या होत्या.

"पार्टेबाई, हे काय?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या गावात? यंत्रावर तर सगळं हिरवं दिसतंय. हे एवढं पुसून घ्या, म्हणजे पहिला नंबर तुमचाच. नाहीतर गुण कापावे लागतील."

जगन्नाथने सवयीने कोपऱ्यातलं फडकं उचललं. कुंदाने नुसतं बघितलं. त्याने ते खाली ठेवलं.

"कापा," कुंदा म्हणाली.

"अहो, पण एका फडक्याचा तर प्रश्न आहे," असं म्हणत अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला आणि पेटीच्या दाराकडे हात नेला.

कुंदाने त्यांचं मनगट धरलं. घट्ट. मग कमरेला खोचलेली जुनी शिट्टी दुसऱ्या हाताने काढली, तोंडात धरली आणि तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांवर वाजवली होती तशी, सगळा डोंगर ऐकेल अशी वाजवली.